आचार्य नंदलाल बोस आणि चिनी कुंचला

परक्याच्या कलेतून काय घ्यावे आणि काय मागे ठेवावे, हा प्रश्न विसाव्या शतकातील भारतीय चित्रकारांपुढे सतत उभा होता. आचार्य नंदलाल बोस यांनी त्याचे उत्तर आपल्या कुंचल्याने दिले.

३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील खडगपूर येथे जन्मलेल्या नंदलालांना कलकत्त्याच्या कलाशाळेत अवनींद्रनाथ ठाकूर गुरू लाभले. अवनींद्रनाथांनी जपानी चित्रकारांच्या सहवासात धूसर रंगलेपनाची रीत सिद्ध केली होती. त्या धुक्यात रेषा हरवते, असा आक्षेपही या संप्रदायावर घेतला गेला. नंदलालांना रेषेचे सामर्थ्य जवळून पाहता आले ते अजिंठ्यास. १९०९-१० च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकाबरोबर त्यांनी तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या.

पुढे शांतिनिकेतनातील कलाभवनाची धुरा त्यांच्याकडे आली आणि १९२४ मध्ये रवींद्रनाथांसमवेत ते चीनला गेले. चिनी पद्धतीत शाई शोषणाऱ्या कागदावर कुंचला उभा धरून रेषा ओढावी लागते. उमटलेली रेषा पुसता येत नाही. म्हणून हात चालण्यापूर्वी बांबूचे पान मनात पुरते ठसलेले असावे लागते. ही शिस्त नंदलालांनी आपलीशी केली. चिनी डोंगर आणि देवळे मात्र चीनमध्येच राहू दिली. त्यांच्या शाईतून उमटले ते ताडवृक्ष, शेळ्या आणि संथाळांची खेडी. कोल्हापूरचे विनायक मासोजी यांच्यासारखे मराठी शिष्यही त्यांच्या हाताखाली घडले.

डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट त्यांनी गांधीजींच्या इच्छेनुसार बांबूसारख्या गावठी साहित्यातून केली. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी रंगविलेल्या चित्रफलकांत ढोलकरी, सुतार, कष्टकरी स्त्रिया अवतरल्या. लोकचित्रांचा ठसठशीतपणा आणि कुंचल्याचा निःशंक वेग तेथे एकत्र नांदताना दिसतात.

देवाणघेवाण एकतर्फी राहिली नाही. पॅरिसला शिकलेले चिनी चित्रकार श्यू पेइ-हुंग १९३९ च्या अखेरीस शांतिनिकेतनास आले. डोंगर हलवू पाहणाऱ्या म्हाताऱ्याच्या चिनी कथेवरील आपले भव्य चित्र त्यांनी १९४० मध्ये भारतातच रंगविले आणि त्यातील कष्टकऱ्यांसाठी भारतीय माणसे समोर ठेवली.

भारतीय संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची सजावट नंदलालांच्या मार्गदर्शनाखाली झाली. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. उतारवयातही ते शाईची लहान लहान चित्रे काढीत राहिले. १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. दोन भाषांच्या शेजारात वाढलेल्या धारवाडच्या रसिकाला त्यांची वाट अनोळखी वाटू नये.