घरोघरच्या दप्तरांचा राखणदार : इतिहासाचार्य राजवाडे

या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव निवडले. कुणी म्हणेल, इतिहास हा विद्वानांचा प्रांत, आपल्याला त्याचे काय? पण राजवाड्यांनी जे धन जन्मभर शोधले ते राजवाड्यांत किंवा विद्यापीठांत नव्हते. ते होते साध्या घरांच्या माळ्यांवर, कोनाड्यांत आणि गंजलेल्या पेट्यांत.

त्यांचा जन्म १८६३ सालचा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून १८९० च्या सुमारास ते बी. ए. झाले. काही काळ शाळेत शिकविले, पण नोकरीत त्यांचे मन रमले नाही. ऐन तारुण्यात पत्नी निवर्तली आणि त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. परभाषांतील उत्तम ग्रंथ मराठीत यावेत म्हणून ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले, तेही काही वर्षांत बंद पडले. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचे ते मराठीतच, हा त्यांचा निश्चय मात्र अखेरपर्यंत टिकला.

अशात वाईला एका घराण्याच्या वाड्यात पानिपतच्या काळातील पत्रे सापडली आणि राजवाड्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. तोवर मराठ्यांचा इतिहास मुख्यतः बखरींवरून किंवा ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या ग्रंथावरून सांगितला जाई. बखर बहुधा घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी लिहिलेली, तेव्हा तिच्यात ऐकीव गोष्टी शिरणारच. पत्राचे तसे नसते. छावणीतून पैशांची निकड कळविणारा कारकून पुढे काय होणार हे जाणत नसतो, म्हणून त्याची साक्ष खरी. हे ओळखून राजवाड्यांनी १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा पहिला खंड १८९८ साली छापला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे पुढे एकूण २२ खंड निघाले.

या खंडांमागचे कष्ट आठवले की मन थक्क होते. हा मनुष्य गावोगाव हिंडे, बरेचदा पायीच. स्वयंपाक हाताने करी. पदरी पैसा नाही, पाठीशी सरकार नाही. बरे, कागद मागितले की लोक सुखासुखी देत होते असेही नाही. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने जमिनींच्या सनदा तपासल्या होत्या आणि अनेकांची इनामे गेली होती. तेव्हा दप्तर दाखविले तर आहे तेही जाईल, ही धास्ती घराघरांत बसलेली. कुठे रुमाल सोडू देत नसत, तर कुठे तेच कागद रद्दीत जात किंवा बंबात जळत. उरलेल्यांवर वाळवी, उंदीर आणि पावसाळा होताच. माझ्या मते त्या पेट्यांच्या किल्ल्या पुष्कळ ठिकाणी घरातल्या बायकांच्याच कमरेला असतील. ज्या अनाम गृहिणींनी ते रुमाल ओल लागू न देता सांभाळले, त्यांची नावे कुठल्याच खंडात नाहीत, पण त्यांच्यावाचून ते खंडही झाले नसते.

एकट्याने गोळा केलेले एकट्याबरोबरच नाहीसे होते, हे राजवाडे जाणून होते. म्हणून १९१० साली सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. मात्र स्वभाव तापट, मतभेद झाला की तुटेपर्यंत ताणायचे. पुढे स्वतः उभारलेल्या संस्थेशीही त्यांचे जमले नाही. ते धुळ्यास गेले आणि तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचा अंत झाला. धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढून त्यांचा संग्रह जपला.

त्यांची सगळीच मते आज मान्य होण्यासारखी नाहीत. जातींविषयीचे काही निष्कर्ष पूर्वग्रहाचे होते, शब्दांच्या व्युत्पत्ती लावताना ते पुष्कळदा वाहवत गेले. पण येथेच त्यांचे मोठेपण मला दिसते. त्यांनी आपल्या मताबरोबर मूळ कागदही लोकांपुढे ठेवले. त्यामुळे ज्यांना त्यांचे म्हणणे पटले नाही त्यांनाही ते खोडून काढण्याची साधने त्यांच्याच खंडांत मिळाली. माणसाचे मत जुने होते, राखलेला कागद नव्या माणसाला नवे सांगत राहतो.

म्हणून एवढेच सुचविते. दिवाळीपूर्वी माळा झाडताना मोडीतला एखादा कागद, जुनी हिशेबाची वही किंवा पत्रांचा गठ्ठा हाती लागला, तर तो रद्दीवाल्यापुढे टाकू नका. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका. स्वच्छ, कोरड्या सुती कापडात बांधून उंच जागी ठेवा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा. त्यात कदाचित धान्याचा हिशेबच निघेल. पण शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावात एक कुटुंब कसे जगत होते, हे त्या हिशेबाखेरीज दुसरे कोण सांगणार?