आण्यांचे पैसे करणारे चिंतामणराव

माझी आजी पन्नास पैशांना शेवटपर्यंत आठ आणेच म्हणत आली. तळेगावच्या बाजारातून परतली की तिचा हिशेब पाव-अर्ध्याने चाले, आणि शंभराचा रुपया शिकलेला मी गोंधळून जाई. हा रुपया शंभराचा केला कोणी, याचा शोध घेताना मला चिंतामणराव देशमुख भेटले.

त्यांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला. 1912 साली मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. केंब्रिजला अभ्यास मात्र केला वनस्पतिशास्त्राचा! 1918 साली आय.सी.एस.मध्येही पहिलेच. नोकरीची उमेदीची वर्षे त्यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडात काढली. आपला वर्धा जिल्हा त्याच प्रांतातला, म्हणून मला त्यांच्याविषयी थोडी अधिक आपुलकी वाटते, हे कबूल करतो. 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि 1950 मध्ये देशाचे अर्थमंत्री.

त्या वेळी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया; म्हणजे रुपयात 192 पया. व्याज काढायचे तर शाळकरी पोरांचाच नव्हे, कारकुनांचाही घाम निघे. 1946 सालीही दशमान नाण्यांचा प्रयत्न झाला होता, पण तो तडीस गेला नाही. चिंतामणरावांच्या कारकिर्दीत, 1955 मध्ये, नाणे दुरुस्ती कायदा संमत झाला. रुपयाचे मोल तेच राहिले. तुकडे तेवढे शंभर झाले.

पण कागदावर सोपे ते दुकानात अवघड. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे सरळ होत. एका आण्याचे मात्र सव्वासहा. मग सहाच धरायचे. जुन्या एका पैशाची किंमत दीड नव्या पैशाहून किंचित जास्त, तिथे दोन मोजावे लागत. रुपयांत व्यवहार करणाऱ्याला हा फरक जाणवलाही नसेल. पैशा-पैशाचे मीठमिरची घेणाऱ्या मजूरबाईला तो रोज जाणवे. सुधारणा योग्यच होती असे मी मानतो, तरी तिची तोशीस कोणाला लागली हे विसरता येत नाही.

1 एप्रिल 1957 रोजी नवा पैसा चलनात आला, तेव्हा अर्थमंत्री होते टी. टी. कृष्णम्माचारी. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या धोरणाविरुद्ध चिंतामणरावांनी 1956 च्या जुलैतच राजीनामा दिला होता. आपणच पेरलेल्या कामाच्या सुगीला ते थांबले नाहीत. पुढे विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू अशी शिक्षणाची कामे त्यांनी केली. हिशेबात मुरलेल्या या माणसाने मेघदूत मराठीत आणले, याचे मला अजून नवल वाटते.

1 जून 1964 पासून पैशामागचे ‘नवा’ हे विशेषण गेले. 2 ऑक्टोबर 1982 रोजी हैदराबादला चिंतामणराव निवर्तले. आजीच्या तोंडचे आणे मात्र तेव्हाही चालूच होते. त्यांचे नाव तिला ठाऊक नव्हते. ‘सोळा आणे खरे’ असे मीही परवा वर्गात बोलून गेलो.