लॉर्ड रॅले

वैशाखात शिरूर-दौंडकडील माळ तापतो, हवा वर चढते आणि वावटळी उठतात. तापलेल्या तळावर असा प्रवाह केव्हा सुरू होतो, हे लॉर्ड रॅले यांनी गणिताने शोधले.

रॅले १८४२ साली इंग्लंडात जन्मले. प्रकृती नाजूक. १८७२ साली ज्वराने खंगल्यावर हवापालटासाठी ते नाईल नदीवर गेले आणि नावेतच ध्वनिशास्त्रावरील ग्रंथ लिहू लागले! १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

फ्रेंच शास्त्रज्ञ बेनार यांना खालून तापविलेल्या द्रवाच्या पातळ थरात षट्कोनी आकृत्या दिसल्या होत्या. सत्तरी उलटलेल्या रॅले यांनी १९१६ साली दाखविले, की तळ व पृष्ठ यांच्या उष्णतामानांतील फरक ठराविक मर्यादा ओलांडीपर्यंत द्रव स्तब्धच राहतो.

१९१९ साली ते निवर्तले. बेनार यांच्या आकृत्यांचे खरे कारण पृष्ठताण होते, हे १९५६ साली उमगले. जाड थरांना मात्र रॅले यांचेच गणित लागू पडते.