विश्लेषण : रेकॉर्डची सुई कधी बदलायची? ग्रामोफोनचे जनक एमिल बर्लिनर यांच्या गोष्टीतून समजून घ्या

घरात टर्नटेबल असेल तर हा प्रश्न येतोच : सुई अजून वाजतेय, मग बदलायची कशाला? याचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे. एमिल बर्लिनर यांच्या ग्रामोफोनमध्ये सुई झिजण्यासाठीच होती.

कोण होते बर्लिनर?

जन्म २० मे १८५१, हॅनोव्हर. १८७० मध्ये ते अमेरिकेला गेले. दिवसा नोकरी आणि रात्री विज्ञानाचा अभ्यास, असे दिवस त्यांनी काढले. १८७७ मध्ये त्यांनी टेलिफोनसाठी मायक्रोफोन तयार केला. त्याचे हक्क बेल कंपनीने घेतले.

तबकडी का जिंकली?

एडिसन यांच्या फोनोग्राफमध्ये आवाज सिलिंडरवर कोरला जाई आणि सुई वर-खाली हलत असे. बर्लिनर यांनी १८८७ मध्ये पेटंट घेतलेल्या ग्रामोफोनमध्ये सुई डावी-उजवीकडे हलते. पुढे त्यांनी चपटी तबकडी आणली. एका साच्यातून तिच्या हव्या तितक्या प्रती छापता येत. आधी कडक रबराच्या आणि नंतर शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या मिश्रणाच्या तबकड्या आल्या. ही लाख प्रामुख्याने भारतातून जात असे.

एक सुई, एकच बाजू का?

शेलॅकमध्ये दगडाची भुकटी मिसळलेली असे. ती पोलादी सुईला घासून खाचेच्या आकाराची करी. बाजू संपेपर्यंत सुईच्या टोकाला धारदार कडा येत. तीच सुई पुन्हा लावली, तर ती खाच कापत जाई. म्हणून स्वस्त सुया डबीने विकल्या जात. सुई फेकायची, तबकडी जपायची, असा हिशेब होता.

पुढे काय झाले?

१९०० मध्ये व्यावसायिक वादातून न्यायालयाने बर्लिनर यांना अमेरिकेत ग्रामोफोन विकण्यास मनाई केली. त्यांनी कॅनडात माँट्रियलला धंदा हलवला. त्यांचे जुने सहकारी फ्रेड गेसबर्ग यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. उत्तरायुष्यात बर्लिनर यांनी शुद्ध दूध आणि बालआरोग्यासाठी काम केले. ३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले.

आजच्या टर्नटेबलला काय लागू?

१९४८ मध्ये विनाइलचा एलपी आला. त्याची खाच बारीक, म्हणून सुईही बारीक लागते आणि आज ती बहुतेक हिऱ्याची असते. हिराही झिजतो, फक्त सावकाश.

* आयुष्य : साधारण ५०० ते १००० तास. रोज ४० मिनिटांचा एक एलपी ऐकलात, तर ५०० तास सुमारे दोन वर्षांत भरतात.
* खुणा : ‘स’, ‘श’ खरखरीत ऐकू येणे, बाजूच्या शेवटच्या गाण्यात आवाज फाटणे, सुई घसरणे.
* आधी साफ करा : मऊ ब्रश मागून पुढे फिरवा, आडवा नको. तरीही आवाज फाटत असेल, तर सुई बदला.
* कार्ट्रिज : मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात सहसा फक्त सुई बदलता येते. मूव्हिंग कॉइलमध्ये बहुधा पूर्ण कार्ट्रिज बदलावे लागते.
* आजोबांच्या ७८ आरपीएम तबकड्या : त्यांना रुंद टोकाची वेगळी सुई लागते. जुनी पोलादी सुई विनाइलवर कधीही ठेवू नका.

आवाज बिघडल्याचे कानाला कळते, तोवर खाच खरवडायला सुरुवात झालेली असू शकते. सुई दुकानात मिळते, खरवडलेली खाच मात्र दुरुस्त होत नाही. म्हणून बर्लिनर यांच्या काळचा हिशेब आजही लागू पडतो.