शिडीबाहेरचा गुरू
आयकिदोचे जनक मोरिहेई उएशिबा आणि काळ्या पट्ट्याचा अर्थ

रायगडचा किनारा हा कबड्डीचा किनारा होय. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत गावोगावच्या मैदानांवर श्रेष्ठ कोण हे गुणफलक सांगतो; त्यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राची गरज भासत नाही. मात्र ज्युदो, कराटे यांसारख्या जपानी विद्यांचे वर्ग गावांपर्यंत पोहोचले आणि त्यांच्याबरोबर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचे पट्टेही आले. परीक्षा होते, शुल्क भरले जाते, पट्ट्याचा रंग बदलतो. रंग बदलला म्हणजे नेमके काय बदलले, हा पालकांना पडणारा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरितच राहतो.

आयकिदो या विद्येच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो, कारण तिच्या मुख्य परंपरेत सामनेच होत नाहीत. जेथे कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही, तेथे श्रेणी ठरवायची कशी? या प्रश्नाचे उत्तर नियमावलीत जितके सापडते, त्याहून अधिक ते या विद्येचे जनक मोरिहेई उएशिबा यांच्या आयुष्यात सापडते.

समुद्राकाठचे बालपण

उएशिबा यांचा जन्म १४ डिसेंबर १८८३ रोजी जपानच्या वाकायामा प्रांतातील तानाबे या गावी झाला. पुढे समुद्र, मागे डोंगर, उपजीविका मासेमारी आणि शेतीवर. मुरूड-श्रीवर्धनच्या रहिवाशाला हे गाव परके वाटू नये. वडील योरोकु हे जमीनदार असून गावच्या कारभारात त्यांना मान होता. मोरिहेई मात्र लहानपणी अशक्त होते. प्रकृती सुधारावी म्हणून वडिलांनी त्यांना पोहण्यास आणि सुमो कुस्तीस प्रवृत्त केले.

तरुणपणी त्यांनी काही काळ कर कार्यालयात नोकरी केली. मासेमारीविषयीच्या नव्या कायद्याने गावच्या कोळ्यांच्या हक्कांवर गदा येत आहे असे दिसताच त्यांनी ती नोकरी सोडली आणि ते कोळ्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर टोकियोत लेखनसाहित्याचा व्यापार करून पाहिला. परंतु आजारपणामुळे त्यांना गावी परतावे लागले.

बाहेरच्या मोजमापाशी त्यांची पहिली गाठ सैन्यभरतीच्या वेळी पडली. उंची किमान मर्यादेहून किंचित कमी भरल्याने त्यांना नाकारण्यात आले. शरीर ताणले जावे म्हणून ते झाडाला लोंबकळत असत, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. अखेर १९०३ मध्ये त्यांना सैन्यात प्रवेश मिळाला आणि रशिया-जपान युद्धात त्यांनी सेवा बजावली. १९०८ मध्ये यागू परंपरेच्या एका शाखेचे मान्यतापत्र त्यांना प्राप्त झाले. हा त्यांच्या हाती आलेला विद्येचा पहिला महत्त्वाचा दाखला होता.

ताकेदांची वही

१९१२ मध्ये ५४ कुटुंबांचा एक गट घेऊन उएशिबा उत्तरेकडील होक्काइदो बेटावर वसाहतीसाठी गेले. शिराताकी येथे जंगल तोडून शेती उभी करण्याचे खडतर काम सुरू असतानाच, १९१५ मध्ये त्यांची सोकाकु ताकेदा यांच्याशी भेट झाली. ताकेदा हे दाइतो-र्यू या प्राचीन शाखेचे कठोर आणि संशयी स्वभावाचे गुरू होते. ते शिष्यांची काटेकोर नोंदवही ठेवत आणि शिक्षणाचे शुल्क रोख घेत. उएशिबांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले, त्यांची सेवा केली आणि मनगट, कोपर व खांदा यांवर ताबा मिळवून प्रतिस्पर्ध्याचा तोल मोडण्याचे तंत्र आत्मसात केले. पुढे आयकिदोचा पाया याच तंत्रावर रचला गेला.

त्या काळी जुन्या शाखांमध्ये पट्टे नव्हते. गुरू शिष्याला गुंडाळी स्वरूपातील हस्तलिखित देत असे. त्यात शिकविलेल्या तंत्रांची यादी आणि गुरुपरंपरेचा उल्लेख असे. अशा दाखल्यांच्या मोजक्याच पायऱ्या होत्या. काही तंत्रांचा जाणकार, मग गुरूच्या वतीने शिकविण्याचा अधिकारी आणि शेवटी संपूर्ण विद्या प्राप्त झालेला शिष्य, असा तो क्रम होता. हा दाखला गुरू आणि शिष्य यांच्यातील करारच असे. त्यात मान होता, तसेच बंधनही होते.

१९१९ च्या अखेरीस वडील अत्यवस्थ असल्याची वार्ता आली. उएशिबांनी शिराताकीचे घर ताकेदांच्या हवाली केले आणि ते गावाकडे निघाले. वाटेत आयाबे येथे ओमोतो पंथाचे नेते ओनिसाबुरो देगुची यांची भेट घेण्यासाठी ते थांबले. ते घरी पोहोचण्यापूर्वीच, २ जानेवारी १९२० रोजी वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी कुटुंबासह आयाबेला स्थलांतर केले. तेथे दोन लहान मुलगे दगावले. या दुःखातच त्यांनी आयाबेत आपली पहिली शिक्षणशाळा उघडली.

१९२२ मध्ये ताकेदा आयाबेला आले आणि उएशिबांना प्रतिनिधी-अध्यापकाचा दाखला मिळाला. उएशिबा त्याआधीपासूनच शिकवीत होते. कागद मागाहून आला. कुलाब्याच्या कान्होजी आंग्रे यांचे सरखेलपद करारान्वये छत्रपती शाहूंनी मान्य केले, तेव्हा मराठी आरमाराची धुरा ते कित्येक वर्षे वाहत होतेच. मान्यता देणाऱ्याने कर्तृत्व निर्माण केले नव्हते, त्याची नोंद घेतली होती. मात्र अशी नोंद नात्यालाही बांधून टाकते. उएशिबांच्या बाबतीत तेच घडले.

वृत्तपत्राच्या कचेरीतील दुरावा

१९२४ मध्ये देगुचींसोबत मंगोलियाच्या धाडसी मोहिमेवर गेलेले उएशिबा मृत्युदंडाच्या उंबरठ्यावरून परतले. १९२५ मध्ये एका नौदल अधिकाऱ्याने त्यांना आव्हान दिले. प्रतिहल्ला न करता केवळ वार चुकवीत त्यांनी त्या अधिकाऱ्याला थकविले, अशी हकिकत सांगितली जाते. त्यानंतर आलेल्या आध्यात्मिक अनुभवाने त्यांची दृष्टी पालटली आणि प्रतिस्पर्ध्याचा पाडाव हे त्यांचे साध्य राहिले नाही. १९२७ मध्ये ते टोकियोत स्थायिक झाले. १९३१ मध्ये तेथे त्यांची कोबुकान ही शाळा उभी राहिली आणि सेनाधिकाऱ्यांपासून प्रतिष्ठित घराण्यांपर्यंत अनेकजण शिकण्यासाठी येऊ लागले.

ओसाका येथील आसाही या वृत्तपत्राच्या कचेरीतही ते शिकवीत असत. १९३६ मध्ये वृद्ध ताकेदा अकस्मात तेथे दाखल झाले. उएशिबा गुरूंना न भेटताच ओसाका सोडून गेले. तेथील शिष्य ताकुमा हिसा यांनी ताकेदांकडे शिक्षण चालू ठेवले आणि १९३९ मध्ये संपूर्ण विद्येचा सर्वोच्च दाखला मिळविला. उएशिबांच्या हाती मात्र १९२२ चा प्रतिनिधी-अध्यापकाचा दाखलाच राहिला. ज्यांच्या नावाने पुढे जगभर श्रेणी दिल्या जाणार होत्या, त्यांना स्वतःच्या मूळ विद्येतील शेवटची पायरी मिळाली नाही. ही उणीव त्यांच्या कर्तृत्वाच्या आड आली नाही, हे विशेष.

गुंडाळीकडून पट्ट्याकडे

आजची श्रेणीपद्धत उएशिबांनी निर्माण केलेली नाही. तिचे श्रेय ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांना जाते. गो या पटावरील खेळात प्रचलित असलेली डॅन ही संज्ञा घेऊन त्यांनी १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिली डॅन श्रेणी दिली. काळा पट्टाही त्याच दशकात आला. जुन्या दाखल्यांच्या पायऱ्या फार दूरदूर होत्या. अनेक वर्षे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपण कोठे उभे आहोत हे कळावे, अशी या नव्या व्यवस्थेची सोय होती. शिक्षणतज्ज्ञ असलेल्या कानोंनी गुरुकुलाला शाळेची शिस्त दिली. रंगीबेरंगी पट्ट्यांचा प्रसार त्यानंतरचा; १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युदो शिकविणारे मिकिनोसुके कावाइशी यांच्या नावाशी तो जोडला जातो.

१९३० मध्ये कानोंनी उएशिबांचे प्रात्यक्षिक पाहिले. ते इतके प्रभावित झाले की, आपले काही शिष्य त्यांनी उएशिबांकडे शिकण्यासाठी धाडले. उएशिबा तेव्हा शिष्यांना जुन्या पद्धतीचे हस्तलिखित दाखलेच देत होते. १९४० मध्ये त्यांची संस्था शासनमान्य झाली आणि त्याच वर्षी त्यांनी केनजी तोमिकी यांना आठवी डॅन दिली. १९४२ मध्ये आयकिदो हे नाव अधिकृतपणे नोंदविले गेले. गुंडाळीच्या जागी डॅन आली ती याच काळात. उएशिबा स्वतः मात्र टोकियो सोडून इवामा या खेड्यात शेती आणि साधना करू लागले.

महायुद्धानंतर, १९४८ मध्ये आयकिकाई या संस्थेला सरकारी मान्यता मिळाली. तिचा व्याप मुख्यतः पुत्र किश्शोमारू यांनी सांभाळला आणि श्रेणींची घडी त्याच काळात बसत गेली.

दिवसांचे गणित

आयकिकाईच्या पद्धतीत नवशिक्या प्रौढाची सुरुवात पाचव्या क्यूपासून होते. क्यू उलट्या क्रमाने मोजतात. पहिल्या क्यूनंतर पहिली डॅन म्हणजेच ब्लॅक बेल्ट. त्यानंतर आकडे चढत जातात. पाचव्या क्यूच्या परीक्षेपूर्वी किमान ३० दिवसांचा सराव आवश्यक असतो. त्यापुढील प्रत्येक क्यूसाठी अनुक्रमे ४०, ५०, ५० आणि ६० दिवस, तर पहिल्या डॅनसाठी आणखी ७० दिवस लागतात. दुसऱ्या डॅनसाठी किमान एक वर्ष आणि २०० दिवस, तिसऱ्यासाठी दोन वर्षे आणि ३०० दिवस, चौथ्यासाठी तीन वर्षे आणि ४०० दिवस, असे हे गणित आहे. पाचव्या डॅनपासून पुढे परीक्षेऐवजी शिफारशीला महत्त्व येते.

परीक्षेत परीक्षक हल्ल्याचा प्रकार आणि तंत्राचे नाव पुकारतो. विद्यार्थी ते तंत्र जोडीदारावर उजव्या आणि डाव्या, दोन्ही बाजूंनी करून दाखवितो. बसून, उभ्याने, पुढे पायऱ्या वाढतील तसे लाकडी सुऱ्याविरुद्ध आणि एकाहून अधिक हल्लेखोरांविरुद्धही त्याची कसोटी लागते. पाहिले जाते ते उभे राहणे, अंतर, तोल आणि जोडीदाराला इजा न करता ताब्यात ठेवणे. सुरक्षितपणे पडता येणे हाही शिक्षणाचाच भाग होय. प्रौढ विद्यार्थी ब्लॅक बेल्टपर्यंत सामान्यतः पांढराच पट्टा बांधतात. मुलांच्या पट्ट्यांचे रंग वर्गागणिक वेगवेगळे आढळतात. पहिली डॅन हा शिक्षणाचा शेवट समजला जात नाही. पायाभूत तंत्रे अंगवळणी पडली, खरे शिक्षण आता सुरू झाले, एवढाच तिचा अर्थ.

ही पद्धत निर्दोष आहे असे म्हणता येणार नाही. सामना नसल्याने परीक्षकाच्या सचोटीवरच सारी भिस्त राहते. उएशिबांच्या शिष्यांमध्येही मतभेद होऊन वेगवेगळ्या शाखा झाल्या. गोझो शिओदा यांनी योशिनकान शाखा काढली, तोमिकींनी आयकिदोत स्पर्धा आणली, तर दहावी डॅन मिळालेले कोइची तोहेई १९७४ मध्ये आयकिकाईतून बाहेर पडले. प्रत्येक शाखेच्या श्रेणी स्वतंत्र आहेत. एकीचा पट्टा दुसरीत आपोआप ग्राह्य धरला जात नाही.

उएशिबांचा जपान सरकारने १९६० मध्ये जांभळ्या फितीचे पदक आणि १९६४ मध्ये उगवत्या सूर्याचा सन्मान देऊन गौरव केला. २६ एप्रिल १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. आयकिदोच्या श्रेणींच्या शिडीवर ते स्वतः कोणत्याही पायरीवर नव्हते. त्यांच्यामागे होती ती सहा दशकांची अखंड साधना. श्रेणीच्या नियमांतही रंगाआधी सरावाचे दिवस मोजले जातात, ते याच कारणाने. किनाऱ्यावरील एखाद्या पालकाने मुलाला कोणत्याही पट्ट्याच्या वर्गात घालताना तो किती महिन्यांत मिळेल असे न विचारता, मूल तेथे किती दिवस घाम गाळणार आणि त्याला पडायला कोण शिकविणार, एवढे विचारले तरी उएशिबांच्या आयुष्याचे सार त्याला गवसले असे म्हणावे लागेल.