कोट्टक्कलचे वैद्यरत्न : पी. एस. वारियर

केरळात नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी माणसांकडे गावाहून दोन मागण्या हमखास येतात. पहिली केळ्याच्या वेफर्सची आणि दुसरी आईच्या किंवा सासूबाईंच्या गुडघ्यासाठी तेलाची. तेल म्हटले की पाठोपाठ कोट्टक्कलचे नाव येतेच. मात्र हे नाव देशभर पोहोचवणाऱ्या वैद्याचे चरित्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. यंदाच्या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांची थोडक्यात ओळख करून देत आहे.

पन्नियिन्पळ्ळी शंकुण्णी वारियर यांचा जन्म १६ मार्च १८६९ रोजी कोट्टक्कल येथे झाला. हे गाव आज मलप्पुरम जिल्ह्यात आहे. त्या काळी मलबार हा मद्रास इलाख्याचा भाग होता. वारियर म्हणजे देवळाच्या सेवेशी परंपरेने जोडलेला समाज. संस्कृताचे शिक्षण आणि सुरुवातीचे वैद्यकाचे धडे घेतल्यावर तरुण शंकुण्णी कुट्टंचेरी वासुदेवन मूस यांच्याकडे शिकायला गेले. मूस हे केरळातील अष्टवैद्य घराण्यांपैकी एका घराण्याचे. या घराण्यांत वैद्यकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. शिष्याने गुरूच्या घरी राहायचे, ग्रंथ पाठ करायचे आणि गुरू रोगी कसा तपासतात ते पाहत शिकायचे, अशी ती पद्धत होती.

केरळच्या वैद्यांचा मुख्य आधारग्रंथ म्हणजे वाग्भटाचे अष्टांगहृदय. येथे आपला एक जुना धागा सापडतो. हेमाडपंती देवळांमुळे आपल्याला माहीत असलेला देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, त्याने याच ग्रंथावर आयुर्वेदरसायन नावाची टीका लिहिली आहे. म्हणजे देवगिरी आणि मलबार ही दोन टोके वैद्यकाच्या पोथीत केव्हाच एकत्र आलेली होती.

पुढे वारियरांच्या आयुष्याला एका दुखण्याने वळण दिले. त्यांना डोळ्याचा विकार जडला. त्यावर मंजेरी येथील सरकारी दवाखान्याचे डॉ. व्ही. वर्गीस यांनी उपचार केले. एखाद्या परंपरानिष्ठ वैद्याने बरे वाटल्यावर आभार मानून घरची वाट धरली असती. वारियर मात्र त्याच डॉक्टरांचे शिष्य झाले आणि सुमारे तीन वर्षे पाश्चात्त्य वैद्यक शिकले. आपले शास्त्र सोडावे असे त्यांना वाटले नाही आणि दुसऱ्याचे शिकण्यात कमीपणाही वाटला नाही. शरीररचनेचे ज्ञान, नोंदी ठेवण्याची शिस्त, तयार औषध हाताशी असण्याची सोय या गोष्टी तेथे होत्या. आपल्याकडे नेमके काय कमी पडते आहे, हे त्यांना जवळून दिसले.

ही उणीव समजण्यासाठी त्या काळची रीत पाहिली पाहिजे. वैद्य रोगी तपासून औषधे सांगत. मुळ्या, साली, पाने गोळा करणे, कुटणे, उकळणे हे काम रोग्याच्या घरच्यांचे. साधा काढा घ्या. शार्ङ्गधराच्या मापाने औषधीच्या सोळापट पाणी घालून ते आठवा भाग उरेपर्यंत आटवायचे. पाणी कमी-जास्त झाले, आच मोठी लागली, एखादी वनस्पती मिळाली नाही किंवा चुकीची मिळाली, की औषध बदलले. शिवाय काढा टिकत नाही, तो रोज ताजा करावा लागतो. घरात माणसे कमी असली किंवा रोगी गरीब असला, तर उत्तम वैद्याचा सल्लाही फुकट जाई.

१२ ऑक्टोबर १९०२ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, वारियरांनी कोट्टक्कल येथे आर्य वैद्यशाळा स्थापन केली. शास्त्रोक्त औषधे एके ठिकाणी, ठरलेल्या मापाने तयार करायची आणि रोग्याला तयार स्थितीत द्यायची, हा त्यामागचा विचार. काढे, आसवे, अरिष्टे, तेले, तुपे, अवलेह, गुटी असा पसारा हळूहळू वाढला. कोणते औषध कशावर आणि कसे घ्यायचे, हे सांगणारे चिकित्सासंग्रहम् हे पुस्तक त्यांनी लोकांच्या भाषेत, मल्याळममध्ये लिहिले. १९०३ पासून धन्वंतरी हे मासिकही त्यांनी चालवले.

वर्कशॉपमध्ये वावरणाऱ्या आपल्या बांधवांना या कामाचे मोल चटकन कळेल. कानाने इंजिनाचा दोष ओळखणारा एखादा जुना फिटर प्रत्येक शेडमध्ये असतो. तो निवृत्त झाला की त्याचे कसब त्याच्याबरोबर जाते. वैद्यकीत आपण याला हातगुण म्हणतो. हातगुण ही देणगी खरीच, पण ती एका माणसापुरती असते. वारियरांनी त्या हातगुणातला जो भाग माप, वेळ आणि कृती यांत बसवता येतो, तो बसवला, म्हणजे वैद्य बदलला तरी औषध बदलू नये.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. आयुर्वेद माणसागणिक प्रकृती पाहतो, मग सर्वांना एकच बाटली कशी चालेल? वारियरांच्या पुढच्या कामाकडे पाहिले म्हणजे त्याचे उत्तर मिळते. नुसता औषधांचा कारखाना काढून ते थांबले नाहीत. औषध कोणाला द्यायचे हे ठरवणारा वैद्यही नीट तयार झाला पाहिजे, म्हणून १९१७ मध्ये त्यांनी कालिकत येथे आयुर्वेद पाठशाळा सुरू केली. १९२४ मध्ये ती कोट्टक्कलला आणली आणि तेथेच धर्मादाय रुग्णालय उभे केले. शिकवायला योग्य पुस्तक हवे म्हणून त्यांनी अष्टांगशारीरम् हा शरीरशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ रचला. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात त्यांनी आधुनिक शरीररचनेची माहिती संस्कृतात आणली. मंजेरीचे शिक्षण असे फळाला आले. १९४२ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, त्यांचा बृहच्छारीरम् हा आणखी मोठा ग्रंथ आला.

१९२१ मध्ये मलबारात मोपल्यांचा उठाव झाला. कोट्टक्कलच्या आसपासचा मुलूख होरपळून निघाला. त्या धामधुमीत वारियरांनी हिंदू आणि मुसलमान दोघांनाही आसरा व मदत दिली. त्यांच्या राहत्या वास्तूवर हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांची चिन्हे आहेत.

नाटकवेड्या मराठी माणसाला आवडेल अशी एक गोष्ट राहिली. या वैद्याला रंगभूमीचा मोठा नाद होता. १९०९ मध्ये त्यांनी परमशिवविलासम् ही नाटक मंडळी काढली. पुढे १९३९ मध्ये तिचे रूप पालटून कथकलीचा संच झाला, आणि पी. एस. व्ही. नाट्यसंघम् या नावाने तो आजही ओळखला जातो. १९३३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना वैद्यरत्न ही पदवी दिली.

परंतु माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे १९३९ मध्ये केलेले मृत्युपत्र. स्वतःच्या कष्टाने उभारलेली भरभराटीची संस्था घरच्यांच्या नावे करून देणे सहज शक्य होते. वारियरांनी ती विश्वस्त मंडळाच्या हवाली केली. उत्पन्नातून संस्थेची वाढ व्हावी, धर्मादाय कामे चालावीत आणि कुटुंबीयांनाही त्यांचा वाटा मिळावा, अशी व्यवस्था लावून दिली. ३० जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

या व्यवस्थेची परीक्षा लवकरच झाली. त्यांच्यानंतर धुरा सांभाळणारे भाचे पी. माधव वारियर १९५३ मध्ये विमान अपघातात गेले. एका माणसावर उभी असलेली संस्था अशा वेळी कोसळते. येथे तसे झाले नाही. माधव वारियरांचे धाकटे बंधू पी. के. वारियर यांनी सूत्रे हाती घेतली आणि २०२१ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण केल्यावर झालेल्या मृत्यूपर्यंत ती सांभाळली. त्यांना पद्मश्री आणि पद्मभूषण हे सन्मान लाभले. कोट्टक्कलचे नाव आज देशाबाहेर गेले आहे.

आपण परप्रांतात येतो, मंडळे काढतो, उत्सव करतो. काही वर्षांनी बदलीचा हुकूम येतो आणि धडाडीचा कार्यकर्ता निघून जातो. मग वर्गणीची वही कोठे आहे, मूर्तिकार कोण, मंडपाचे सामान कोणाकडे, यापासून पुन्हा सुरुवात होते. वारियरांच्या चरित्रातून आपण निदान एवढे घ्यावे, की आपल्याला जे येते ते लिहून ठेवावे, दोघांना शिकवावे, आणि आपण नसतानाही काम चालेल अशी घडी बसवून मग निघावे.

तिरूर स्टेशनवर उतरले की कोट्टक्कल साधारण पंधरा किलोमीटरवर आहे. तेल आणायला जाल तेव्हा थोडा वेळ हाताशी ठेवून हा परिसर जरूर पाहावा. विघ्नहर्त्या गणरायाने सर्वांना उत्तम आरोग्य द्यावे, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.