मुलांना देवाचा आसरा मागायला शिकवावं कसं? माहीमच्या मखदूम बाबांची आणि त्यांच्या आईची गोष्ट

अलिबाग, प्रतिनिधी : संध्याकाळ झाली की आपल्या गावांत एका घरातून शुभंकरोति ऐकू येतं, तर पलीकडच्या मोहल्ल्यात पोरं मकतबमधून सबक पाठ करत घरी येतात. अलिबाग, मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन, कुठेही जा, हेच चित्र. मुसलमान घरातलं पोर अरबी अक्षरं ओळखायच्या आधीच दोन छोट्या सूरह तोंडपाठ करतं. एक फलक आणि दुसरी नास. कुराणात एकूण ११४ सूरह आहेत, त्यातल्या या शेवटच्या दोन. म्हणजे ग्रंथात जे सर्वात शेवटी, ते पोराला सर्वात आधी.

या दोन्ही सूरहमध्ये एकच मागणं आहे, पनाह. पनाह म्हणजे आसरा. फलकमध्ये पाच आयती आहेत. पहाट उगवणाऱ्या मालकाकडे अंधाराच्या, जादूटोण्याच्या आणि जळणाऱ्या माणसाच्या वाईटापासून आसरा मागायचा. नासमध्ये सहा आयती. तिथे भीती बाहेरची नाही, माणसाच्या मनात कुजबुजून त्याला वाकड्या वाटेला नेणाऱ्या सैतानाची आहे. रात्री झोपताना या सूरह वाचून हातावर फुंकर मारायची आणि हात अंगावरून फिरवायचे, ही पैगंबरांची सवय होती. आज आपल्याकडची आई तेच पोराच्या अंगावरून करते.

पण पाठ झालं म्हणजे समजलं का? हा प्रश्न नवा नाही. आपल्या कोकणातल्याच एका माणसाने सहाशे वर्षांपूर्वी यावर आयुष्य घातलं. ते म्हणजे माहीमचे मखदूम अली माहिमी. लोक त्यांना मखदूम बाबा म्हणतात, कुणी कुत्ब-ए-कोकण म्हणतात.

नवायतांच्या घरातलं पोर

मखदूम बाबांचा जन्म १३७२ च्या सुमारास माहीमला झाला. आज मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरून लोकलने माहीमला जाता येतं, पण तेव्हा माहीम हे वेगळं बेट होतं. दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं बंदर. त्यांचं घराणं नवायतांचं, म्हणजे अरबस्तानाकडून समुद्रमार्गे येऊन या किनाऱ्यावर रुजलेल्या लोकांचं. वडील शेख अहमद विद्वान माणूस. आईचं नाव फातिमा.

वडील लवकर गेले. पोराला शिकायची फार ओढ. परमुलखात जाऊन मोठ्या उस्तादाकडे शिकावं असं त्याच्या मनात होतं. पण आईला एकटं टाकून जायचं कसं? आईलाही पोराला दूर धाडवेना. मग तिने काय केलं, तर दुआ मागितली. पुढची गोष्ट दर्ग्यावर जाणारी म्हातारी माणसं सांगतात. माहीमच्या किनाऱ्यावर हजरत खिज्र भेटले आणि रोज येऊन या पोराला शिकवू लागले. ही आख्यायिका आहे, ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. पण त्यातून एक कळतं. कोकणातल्या लोकांनी बाबांच्या विद्येचं मूळ आईच्या दुआत धरलं.

दुसरी गोष्ट तर पोरासोरांनाही ठाऊक आहे. एका रात्री आईने पाणी मागितलं. पोरगा पेला भरून आला तोवर तिचा डोळा लागला होता. उठवलं तर झोपमोड होईल, म्हणून तो पेला हातात धरून उशाशी उभा राहिला, तो पहाटेपर्यंत. आईने डोळे उघडले, पोराला तसंच उभं पाहिलं आणि त्याच्यासाठी हात वर केले. बाबांना मोठेपण मिळालं ते या दुआमुळे, असं मानतात.

काझी आणि ग्रंथकार

पोरगा मोठा झाला आणि माहीमचा काझी झाला. तेव्हा या बाजूला गुजरातच्या सुलतानाचं राज्य होतं. ज्या अहमद शाहने १४११ मध्ये अहमदाबाद वसवलं, त्याच्या काळात बाबा न्यायनिवाडा करत आणि शिकवत. काळ शांततेचा नव्हता. बाबांच्या उतारवयात तर माहीमसाठी बहामनी आणि गुजरात यांच्या फौजा भिडल्या. म्हणजे आसरा मागण्याची वेळ त्या बेटावरच्या आईबापांवर खरोखरच आली होती.

बाबांनी अरबीत अनेक ग्रंथ लिहिले. कोकणी मुसलमान शाफई पद्धत पाळतात. त्यांच्यासाठी धर्माचरणाचे नियम सांगणारा फिक्ह-ए-मखदूमी हा ग्रंथ बाबांच्या नावावर आहे. पण सर्वात मोठं काम म्हणजे कुराणाचा अर्थ उलगडणारी तफसीर-ए-रहमानी. एकोणिसाव्या शतकात ती थेट इजिप्तमध्ये छापली गेली. कोकणच्या बेटावर लिहिलेला ग्रंथ तिकडचे विद्वान वाचू लागले.

या ग्रंथाची एक खासियत आहे. कुराणात एक सूरह सोडली तर प्रत्येक सूरहच्या आरंभी बिस्मिल्लाह येते. शब्द तेच. पण बाबांनी प्रत्येक ठिकाणी तिचा अर्थ त्या सूरहच्या विषयाला धरून वेगळा समजावला. म्हणजे तोंडाने म्हणायचे शब्द तेच असले तरी आपण आत्ता काय मागतोय, कुणाकडे मागतोय, हे दर वेळी मनाने समजून घ्यायचं. मकतबमधल्या पोरासाठी याहून मोठा सबक कुठला?

दावं बांधा, मग भरवसा ठेवा

आपल्या किनाऱ्याला भीती काही नवी नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा पत्रे उडाले, माड-पोफळी मोडल्या. त्या दुपारी कुणी देव पाण्यात ठेवले, कुणी आयतुल कुर्सी पढली. आणि ज्यांनी वेळेत पक्क्या इमारतीत आसरा घेतला त्यांनीही दुआ मागितलीच. दोन्हीत भांडण नाही. पैगंबरांनी आधी उंट बांधायला आणि मग देवावर भरवसा ठेवायला सांगितलं, असं हदीसमध्ये आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी बैलाचं दावं बांधा.

म्हणून पोराला साप चावला, ताप डोक्यात गेला, तर दुआ जरूर पढावी, पण ती दवाखान्याच्या वाटेवर. पोर अंधाराला घाबरलं तर त्याला फलकचा अर्थ आपल्या बोलीत सांगावा, की रात्र कितीही काळी असली तरी पहाट आणणारा मालक आहे. आणि नास शिकवताना सांगावं की वाईट फक्त बाहेरून येत नाही, दुसऱ्याचा हेवा आपल्याही मनात शिरतो. फलकमध्ये जळणाऱ्यापासून आसरा मागायचा आणि सकाळी उठून आपणच शेजाऱ्यावर जळायचं, हे कसं चालेल?

मखदूम बाबा १४३१ च्या सुमारास वारले. माहीमला त्यांच्या कबरीशेजारीच आईची कबर आहे. दर डिसेंबरात तिथे दहा दिवसांचा मेळा भरतो आणि पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो. सगळ्या जातीधर्माचे लोक रांगेत उभे असतात. आपल्या तालुक्यांतूनही माणसं जातात. यंदा पोरांना घेऊन गेलात तर बाबांच्या कबरीवर फुलं वाहून लगेच परत फिरू नका. शेजारच्या कबरीपाशीही थांबा. आसरा मागायला या पोराला पहिल्यांदा कुणी शिकवलं, ते मुलांना तिथेच सांगा.